गाडी काढा

पुणे,
१२ जून १९७४

गं. भा. सत्यवतीवहिनींस,
गोपाळचा नमस्कार.

इकडे सर्व खुशाल. पत्रास कारण महालातल्या आपल्या घराची आवारातली शेड. दादाला जाऊन दोन वर्षं झाली. घर जितकं त्याचं तितकंच माझं, पण शाळेच्या व्यापात मी तिकडे कधी लक्ष घातलं नाही. आता घालायचं ठरवलं आहे. एक कापडाचे व्यापारी ती शेड गोदामासाठी घ्यायला तयार आहेत. अडचण एकच, बापूजींची मॉरिस मोटार. सव्वीस वर्षं ती तिथे सडते आहे आणि तिच्यात आता उंदरांखेरीज कोणी बसत नाही. मी दसऱ्याला येतो आहे. त्याच्या आत गाडी काढा.

देवकीचा नमस्कार.

आपला,
गोपाळ


महाल, नागपूर
२१ जून १९७४

गोपाळभाऊजी, नमस्कार.

तुमचं कार्ड मले भेटलं. पहिले एक सांगून ठेवते. पत्त्यावर 'गं. भा.' लिहू नका. आमचा पोस्टमन गल्लीच्या तोंडापासून नाव वाचत येते अन् समोरच्या तुळसाबाईले वाटते का मी आजच विधवा झाली. ती डोळे पुसत येते, मग तिची समजूत काढा, तिले चहा पाजा. नुसतं सत्यवती भोयर लिहा. पत्र बराबर पोचते.

आता गाडीचं. तुम्ही लिहिलं गाडी काढा. बरं. घरातल्या कर्त्या माणसाचं म्हणणं मी कधी मोडलं नाही, तुम्हाले माहीतच आहे. त्याच दिवशी, तुमचे दादा गेल्यापासून न उघडलेल्या शेडच्या कुलपात राकेल ओतलं अन् दुपारपर्यंत ते उघडलं. आत पाहते तर काय बाप्पा! टायर जमिनीले चिकटलेले, टपाचं कापड फाटून लोंबून राहिलं अन् समोरच्या सीटमध्ये मांजरीनं पिल्लं घातलेली. दोन दिवस नुसतं झाडून राहिली. पिल्लं टोपलीत ठेवली तर मांजर परत त्याच सीटवर नेऊन ठेवे. तिच्याशी माझं जे भांडण झालं ते तुमच्या दादाशीही कधी झालं नव्हतं.

कामठीहून बळीराम मिस्त्रीले बोलावलं. तो मिल्ट्रीच्या वर्कशॉपातून रिटायर झालेला, तोंडानं कडू पण हाताचा पक्का. दर रविवारी बसनं येते. त्यानं इंजिन खोललं अन् एकेक पार्ट अंगणात गोणपाटावर मांडला. दसऱ्याच्या आत गाडी निघते, फिकर करू नका.

देवकीले सांगा, आंब्याचं लोणचं घातलं आहे, कोणी येणारं असलं का पाठवते.

सत्यवती


पुणे,
२ जुलै १९७४

सत्यवतीवहिनींस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही इतक्या तत्परतेनं काम हाती घ्याल असं वाटलं नव्हतं, खरंच सांगतो. फार बरं वाटलं. इंजिन सुटं केलं ते उत्तम झालं. ते वेगळं विकावं, पितळेचे भाग वेगळे, पत्रा वेगळा. भंगारवाला सगळं एका ढिगात मागेल, ऐकू नका.

एक लहानशी विनंती. रागावणार नाही ना? पत्रात 'मले', 'तुम्हाले', 'झाडून राहिली' असं लिहीत जाऊ नये. बोलायचं वेगळं, लिहायचं वेगळं. मी हेडमास्तर, आणि तुमचं पत्र इथे देवकीच्या मैत्रिणींच्या हाती पडलं. त्या हसल्या. वाईट हेतूनं नव्हे, पण हसल्या.

कळावे.

गोपाळ


महाल, नागपूर
१८ जुलै १९७४

गोपाळभाऊजी,

पहिले भाषेचं. मी बोलते तशीच लिहीन. तुमच्या देवकीच्या मैत्रिणी हसल्या तर हसू द्या, बिचाऱ्यायले तेवढंच. तुम्ही चोवीस वर्षांपूर्वी पुण्याले गेले तेव्हा स्टेशनवर 'वहिनी, मले करमणार नाही वं' म्हणून रडत होते. तेव्हा कोणी हसलं नाही.

अन् हे इंजिन विकायचं मधातच काय काढलं? मी कधी म्हटलं विकते? तुम्ही लिहिलं, गाडी काढा. आमच्या इकडे लग्नाले जायचं असलं का म्हणतात, चला, गाडी काढा. बाई अडली, दवाखान्यात न्यायची असली का म्हणतात, अरे लवकर गाडी काढा. फेकायची असते तेव्हा म्हणतात काढून टाका. तुमच्याच्यानं 'टाका' लिहायचं राहिलं, तर त्याच्यात माझी काय चूक? हेडमास्तर तुम्ही. मी तर तुमचा शब्दन्‌शब्द पाळून राहिली. गाडी काढते. चालवत काढते. अन् चालवणार मी.

हसू नका. तुम्ही विसरले असाल तर याद करून देते. अठ्ठेचाळीस साली तुमच्या दादानं मले गाडी शिकवली. सकाळी बापूजी देवळात गेले का आम्ही निघायचो, कामठी रोडनं थेट कन्हानच्या पुलापर्यंत. पहिल्या दिवशी मी एका बैलगाडीले घाबरून शेतात घातली. महिन्याभरात अशी चालवत होती का गिअर बदलला तरी बाजूच्याले कळत नव्हतं. तुमचे दादा म्हणत, सत्ये, तू तर माझ्याहून हलक्या हातानं चालवतेस. बावीस वर्षांची होती मी. तेवढा एक महिना मले कोणी विचारलं नाही का भाजीत मीठ काहून जास्त झालं.

अन् मग एका सकाळी गाडी सुरूच झाली नाही. तुम्ही बोनेट उघडून पाहिलं अन् म्हटलं, वहिनी, इंजिन गेलं, आता हिचं काही होत नाही. बापूजी म्हणाले, राहू द्या मग उभी. मी मानलं. छब्बीस वर्षं मानलं.

आता ऐका काय काय झालं ते. पिस्टन जाम होते. प्लगच्या भोकातून राकेल अन् तेल ओतून आठ दिवस ठेवलं. नवव्या दिवशी बळीरामनं हँडल लावलं अन् मले म्हणे, बाई, तुम्ही ओढा. ओढलं. कर्रर्र झालं अन् अर्धा फेरा फिरला. मी तिथंच अंगणात बसली अन् रडली, लाज कशाची. व्हॉल्व मीच घासले, पेस्ट लावून, काडी दोन्ही तळहातात धरून, ताक घुसळल्यासारखे. सीट उसवून नारळाचा काथ्या नवा भरला, वरून रेक्झिन माझ्या शिलाई मशीनवर शिवलं. तीन सुया मोडल्या. दिव्यांचे कडे चिंच अन् राखेनं घासले. तुळसाबाई रोज विचारते, कायले वं करून राहिली बाई हे सारं? तिले सांगतलं, चालवायले. तर तिनं दोन दिवस बोलणं सोडलं.

एकच अडलं आहे. बळीराम म्हणते, बाई, हे इंजिन मेलंच नव्हतं. गंज चढला तो उभं राहून राहून. बिघाड म्हणून काही नाही, फक्त एक लहानसा पार्ट नाही. तुटला नाही, झिजला नाही. कोणीतरी क्लिपा उघडून काढून घेतला अन् क्लिपा परत नीट लावून ठेवल्या. कोणी काढला असेल भाऊजी? तुम्हाले काही आठवते का? नसेल आठवत तर राहू द्या, मी मुंबईच्या दुकानाले लिहिते.

सत्यवती


पुणे,
९ ऑगस्ट १९७४

सत्यवतीवहिनींस,
नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी दोन दिवस जेवलो नाही म्हटलं तरी चालेल. हा काय पोरखेळ? शब्दाचा कीस काढून तुम्ही मला शिकवणार, 'काढा' म्हणजे काय ते? माझ्या मनात काय होतं ते तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं आणि तुम्ही मुद्दाम वेड पांघरलंत.

स्पष्ट लिहितो. अठ्ठेचाळीस वर्षांच्या विधवा बाईनं महालाच्या रस्त्यानं मोटार हाकायची, हे शोभतं का? उद्या कोणी अंगावर आलं, कोणी खाली आलं, तर निस्तरणार कोण? पेट्रोलचे भाव काय झालेत ते पेपरात वाचता ना? लोक सायकली घेताहेत आणि तुम्ही मॉरिस काढताय. दादा असता तर त्यानं हे चालू दिलं नसतं.

आणि रोटरसाठी मुंबईला लिहिण्याचा उपद्व्याप करू नका. इतक्या जुन्या गाडीचा रोटर आता कुठेही मिळणार नाही. कारण नसताना दुकानदारांच्या तोंडाला लागू नये.

गाडी आजही कागदावर बापूजींच्या नावे आहे. म्हणजे निम्मी दादाची, निम्मी माझी. माझ्या निम्म्या हिश्श्याला माझी संमती नाही. दसऱ्याला येताना भंगारवाल्याला बरोबर घेऊनच आवारात शिरेन. हे शेवटचं.

गोपाळ


महाल, नागपूर
१४ ऑगस्ट १९७४

गोपाळभाऊजी,

तुमचं पत्र चार वेळा वाचलं.

मी 'एक लहानसा पार्ट' लिहिलं होतं. नाव लिहिलं नव्हतं. मले तर ते नाव नीट म्हणताही येत नव्हतं, बळीरामनं दोनदा सांगतलं तेव्हा जिभेवर बसलं. गाडीत शंभर पार्ट असतात. तुम्हाले रोटर कसा समजला?

दुसरं काही विचारत नाही.

सत्यवती


पुणे,
१९ सप्टेंबर १९७४

वहिनी,

महिन्याभरात हे पत्र सहा वेळा लिहिलं आणि फाडलं. आज फाडायचं नाही असं देवकीसमोर कबूल केलं आहे.

रोटर मी काढला.

लाकडाच्या वखारीत कोणीतरी बापूजींना हसत हसत सांगितलं होतं, भोयरांची सून मोटार हाकते, आता तुम्ही मागं बसा. त्या संध्याकाळी त्यांनी मला एकट्याला बोलावलं. म्हणाले, 'मी तिला नाही म्हणणार नाही. तुझ्या दादालाही नाही म्हणणार नाही. घरात भांडण नको. गाडीच नाही म्हणू दे.' मी एकवीस वर्षांचा होतो. मोटारीतलं मला थोडं कळायचं, त्याची घरात फार शेखी मिरवायचो. त्याच कळण्याचा उपयोग झाला. दोन क्लिपा, आत अंगठ्याएवढा काळा तुकडा, तो नसला की ठिणगी पोचत नाही; अर्ध्या मिनिटाचं काम. बापूजी म्हणाले, फेकून दे. मले फेकवलं नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही हँडल मारत होता. तासभर. हाताला फोड आले तरी मारत होता. मी ओट्यावर पेपर धरून बसलो होतो आणि एक ओळ वाचली नाही. उठून यायला पाहिजे होतं. नाही आलो. आलो तो बोनेट उघडून खोटं बोलायला. त्यानंतर घरी कधी गाडीचा विषय निघाला की मले पाणी प्यायला उठावं लागायचं. शेडमधून ती गाडी एकदाची जावी असं मला वाटत होतं ते गोदामासाठी नव्हे. तो व्यापारी मीच शोधून काढला.

आणखी एक आहे. ते लिहू नये असं मन म्हणतं, पण अर्धंच खरं लिहिलं तर पुन्हा तेच होईल. दादाला मी त्याच वर्षी दिवाळीत सांगितलं होतं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, बापूजी आहेत तोवर राहू दे. बापूजी एकसष्ट साली गेले. तेराव्याला मी विचारलं, दादा, आता बसवून देऊ का? तो म्हणाला, 'आता कशाला? ती विसरली असेल.'

मला माफ करा. रोटर रजिस्टर पार्सलनं वेगळा पाठवतो आहे.

गोपाळ

वहिनी, मी देवकी. पाकीट बंद करायच्या आधी यांनी मला वाचायला दिलं, म्हणून दोन ओळी. तो काळा तुकडा मी लग्न झाल्यापासून पाहते आहे. यांच्या बुद्धिबळातला एक उंट हरवला होता, त्याच्या जागी हे तो पटावर मांडायचे. मी विचारलं हे काय, तर म्हणाले गावाकडचं आहे. पार्सल मीच बांधलं. तुम्ही गाडी काढाच.


महाल, नागपूर
२८ सप्टेंबर १९७४

गोपाळभाऊजी,

उंट! माझी गाडी छब्बीस वर्षं शेडमध्ये उभी अन् तुम्ही तिचा उंट करून खेळून राहिले! बुद्धिबळ खेळायले दुसरा उंट भेटत नव्हता का अख्ख्या पुण्यात? हे वाचून मी एवढ्या जोरानं हसली का तुळसाबाई धावत आली. मग हसता हसता काय झालं ते तिनंच पाहिलं, मी सांगत नाही.

तुमचा राग आला. पण तुमचा राग लवकर संपला, खरं सांगते. तुम्ही पोरगे होते, बापूजींपुढे बोलायची हिंमत त्या घरात कोणातच नव्हती. बापूजींचाही समजते. त्यायले लोक हसले, ते त्यायले सोसलं नाही.

मले राग आला तो तुमच्या दादाचा. ज्यानं शिकवलं त्यानंच! माझा हात धरून गिअर कसा टाकायचा ते दाखवलं त्या माणसानं. अन् दिवाळीपासून त्याले सारं माहीत. चोवीस वर्षं माझ्या हातचं जेवला अन् एक शब्द नाही. मी दर दसऱ्याले त्या मेल्या गाडीले हळदकुंकू लावत होती, झेंडूची माळ घालत होती, तेव्हा हा माणूस बाजूले उभा राहून आरतीले टाळ्या वाजवे. अन् म्हणते, ती विसरली असेल! पुसून तर पाहायचं होतं एकदा. 'सत्ये, विसरली का गाडी?' एवढं विचारायले काय लागत होतं? शेवटची अकरा वर्षं तर बापूजींचंही भेव नव्हतं.

फोटोपुढे उभी राहून मी हे सारं मोठ्यानं बोलली. घंटाभर बोलली. तुळसाबाईले वाटलं घरात कोणी पाहुणे आले. आज पाच दिवस झाले, फोटोले हार नाही. पुढे कधी घालीन तर घालीन. तो चांगला माणूस होता, माझ्यावर कधी हात उचलला नाही, कधी वाकडं बोलला नाही. त्याचाच तर जास्त राग येते. वाईट असता तर मी केव्हाच भांडून घेतलं असतं.

आता कामाचं. तुमचं पार्सल परवा आलं. ते तसंच परत पाठवून राहिली, दोरी पण सोडली नाही. खेळा तुम्ही. कारण बळीरामनं कामठीच्या भंगारवाल्या ताराचंदकडून जुन्या गाडीचा रोटर आणला, थोडा घासून बसवला अन् मागच्या रविवारी सकाळी दहा वाजता, ऐका भाऊजी, गाडी सुरू झाली. पहिले फट्‌ झालं, सारा धूर, तुळसाबाईचे कपडे वाळत होते ते काळे. दुसऱ्या वेळी खोकली. तिसऱ्या हँडलले धरली ती धरलीच. बळीरामनं टोपी काढून डोकं खाजवलं अन् म्हणे, 'चालली गा!' मले गा म्हणाला तो, गडीमाणसाले म्हणतात तसं. मी म्हटलं, बाईले वं म्हणतात, वं. पण त्याले काही ऐकू येत नव्हतं, इंजिनाचा आवाजच तेवढा.

लायसनही काढलं. बळीरामनं मागून आणलेल्या जीपवर मैदानात आठचा आकडा काढून दाखवला. साहेबानं विचारलं, कुठे शिकल्या? म्हटलं, कामठी रोडले, अठ्ठेचाळीस साली. त्यानं सही केली.

तुम्ही माफी मांगता. माफीचं मी काय करू? ती घेऊन मी कोणत्या ऑफिसात जाऊ? तुमचा निम्मा हिस्सा आहे म्हणता ना, अन् संमती नाही म्हणता? मग फॉर्म सोबत पाठवला आहे. जिथं पेन्सिलनं फुली केली तिथं सही करा, गाडी माझ्या नावानं करून द्या. ती केली का मी माफीचा विचार करीन. नाही केली तर दसऱ्याले आणा तुमचा भंगारवाला. फाटकाच्या आतून मी गाडी सुरू करून बसली राहीन. पाहू कोण पहिले बाजूले होते.

एक सांगायचं राहिलं. तुमच्या पत्रात तुम्ही दोन जागी 'मले' लिहिलं. हेडमास्तर, तेवढ्या दोन जागी तुम्ही मले खरे वाटले.

सत्यवती


पुणे,
७ ऑक्टोबर १९७४

वहिनी,

फुली होती तिथे सही केली. जिथे फुली नव्हती तिथेही एक करून ठेवली, ऑफिसवाले काय मागतील सांगता येत नाही. शाळेच्या दोन शिक्षकांच्या साक्षी घेतल्या आहेत. बापूजींच्या मृत्यूचा दाखला माझ्याकडे होता तोही सोबत आहे.

व्यापाऱ्याला नाही म्हणून कळवलं. भंगारवाला मी ठरवलेलाच नव्हता, तुम्हाला भिववायला लिहिलं होतं. दसऱ्याला मी येत नाही. तुमच्यासमोर उभं राहायचं कसं ते मला अजून जमलेलं नाही.

हळू चालवा.

गोपाळ


महाल, नागपूर
२७ ऑक्टोबर १९७४

गोपाळभाऊजी, नमस्कार.

दसऱ्याले काढली.

रंग मीच निवडला, गडद हिरवा. बळीराम म्हणे काळाच द्या, पहिलेचा तोच होता. म्हटलं, पहिलेचं काहीच नको. तुळसाबाईनं स्वतः माळ करून आणली अन् बोनेटवर बांधली, नारळ फोडला अन् म्हणाली, मी बसत नाही बाप्पा तुझ्याजवळ, मले नातवंडं पाहायची आहेत. गल्लीतले सारे ओट्यावर. कोणी हसले, कोणी म्हणाले, म्हातारपणी डोकं फिरलं बाईचं. एक जण तर फाटकापुढे हात आडवे करून उभा, म्हणते, काकू, आम्ही ढकलून देतो, तुम्ही नुसत्या बसा. मी हॉर्न वाजवला. तो असा उडाला का चप्पल तिथंच राहिली.

बळीराम म्हणे मी येतो संगं. त्याले म्हटलं, तू आज फाटकाजवळ उभा राहा अन् चहा पी. एकटी गेली. वळताना बाजू दाखवायले तो लाल दांडीचा हात बाहेर निघते ना खिडकीच्या बाजूनं, तो निघाला, पण आत गेला नाही. तर मी हातानं आत दाबत दाबत इंदोऱ्यापर्यंत गेली. लटकं कायले बोलू, एका ट्रकनं मागून एवढ्या जोरानं हॉर्न दिला का मी रस्त्याच्या कडेले उतरवली अन् दोन मिनिटं तशीच बसली. वाटलं, झालं, परत जा घरी. मग मनात म्हटलं, परत जायचं असेल तर वळवावी लागते, अन् वळवायचं मले अजून नीट जमत नाही. म्हणून पुढेच गेली.

रस्ता ओळखू येत नव्हता. जिथं शेतं होती तिथं घरं. पण कन्हानच्या पुलाचा चढ आला तेव्हा हात आपोआप गिअरवर गेला. आवाज झाला नाही भाऊजी. तुमच्या दादाची खूप आठवण आली. दोन शिव्या दिल्या त्याले, अन् रडलीही. पुलापलीकडे वळवायले माणसं मदतीले आली, तीन-चार जण, 'घ्या, अजून घ्या' म्हणून. वळवली.

माफीचं म्हणाल तर ती अजून दिली नाही. कागदावर ते काम होत नाही. दिवाळीले देवकीले घेऊन या, समोर बसा, मी जे बोलीन ते ऐका, मधात पाणी प्यायले उठू नका. मग पाहू. स्टेशनवर रिक्षा करू नका. मी येते घ्यायले. देवकी समोर बसेल, तुम्ही मागे.

परत येताना कामठीच्या नाक्यावर शिपायानं हात केला. जवान पोट्टा, मिशी नुकतीच आलेली. वाकून बाजूच्या सीटवर पाहिलं, मागच्या सीटवर पाहिलं. विचारते, 'बाई, मालक कुठे आहेत?'

म्हटलं, 'कोणाचे? गाडीचे का माझे?'

तो गडबडला. म्हणते, 'कोणाचेही सांगा.'

मी तुमच्या सहीचा कागद काढून त्याच्या हातात दिला. म्हटलं, 'गाडीची मालक मी आहे. नीट वाच, सत्यवती मारोतराव भोयर. अन् माझा मालक कोणी नाही. त्याले कागद लागत नाही.'

त्यानं कागद परत दिला, बाजूले झाला, अन् मी गाडी काढली.

सत्यवती भोयर